टीआर जेटवरून फुप्फुसातला दाब: एको रूममध्ये आकडा कसा ठरतो

टू-डी एकोच्या रिपोर्टात खाली कुठेतरी ‘पीएएसपी ५५’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे फुप्फुसाच्या रोहिणीतला वरचा दाब ५५. नातेवाईक तो आकडा दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या बीपीसारखा वाचतात, आणि बरेच डॉक्टरही तसाच वाचतात. पण एको रूममध्ये हा दाब कुणी मोजत नाही. मोजला जातो तो रक्ताचा वेग. दाब त्या वेगावरून काढतात, आणि त्यातला एक हिस्सा तर अंदाजानेच मिळवलेला असतो. वेग नीट धरला असेल तर उत्तर कॅथ लॅबमध्ये हृदयात नळी घालून मोजलेल्या आकड्याच्या जवळ जातं. नसेल तर कागदावरचा आकडा दिसतो तितकाच नेमका, पण असतो चुकीचा. तपासणी करताना आम्ही काय काय करतो आणि कुठे फसगत होते, ते एको शिकणाऱ्यांसाठी आणि रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहोत.

फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतला दाब प्रत्यक्ष मोजायचा तर मानेतल्या, दंडातल्या किंवा जांघेतल्या शिरेतून कॅथेटर उजव्या हृदयात न्यावा लागतो. टोकाला फुगा असलेला स्वान-गँझ कॅथेटर १९७० साली आला आणि हे काम पेशंटच्या खाटेशेजारी करता येऊ लागलं. पल्मनरी हायपरटेन्शनचं, म्हणजे फुप्फुसातला दाब वाढण्याच्या आजाराचं, निदान पक्कं करायला आजही कॅथेटरच लागतो. पण दर तीन-सहा महिन्यांनी तपासणीला येणाऱ्या माणसाला दर वेळी कॅथेटर घालणं शक्य नसतं. तिथे डॉप्लर कामाला येतो.

ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये प्रागला ही कल्पना जोडताऱ्यांच्या रंगाविषयी मांडली होती. आपल्याकडे ताऱ्यांच्या जागी लाल रक्तपेशी. छातीवर टेकवलेल्या प्रोबमधून गेलेली ध्वनिलहर धावत्या पेशींवर आपटून परत येते, तेव्हा तिची वारंवारता बदललेली असते. लहर २ मेगाहर्ट्झची आणि रक्त प्रोबपासून सरळ रेषेत सेकंदाला ३ मीटरने लांब जात असेल, तर हा फरक साधारण ७,८०० हर्ट्झ येतो. म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारा. मशीनचा आवाज बंद ठेवून डॉप्लर करू नका असं आम्ही शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो ते यासाठी. जेटच्या, म्हणजे रक्ताच्या धारेच्या, कडेला प्रोब असेल तर खरखर येते. नेमका मधोमध आला की आवाज चढतो, स्वच्छ होतो, शिट्टीच्या जवळ जातो. स्क्रीनवर आकृती बसण्याआधी कानाला कळलेलं असतं.

वेगावरून दाब काढायचं सूत्र बर्नूलीचं. त्याचं सुटसुटीत रूप: दाबातला फरक म्हणजे ४ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंद, उत्तर मिलीमीटर पारा. हा ४ कुठून आला? रक्ताची घनता घनमीटरला सुमारे १,०६० किलो. तिचं निम्मं ५३०. एक मिमी पारा म्हणजे १३३ पास्कल. ५३० भागिले १३३, उत्तर जवळजवळ ४. मूळ समीकरणातल्या घर्षणाच्या आणि प्रवेगाच्या संज्ञा इथे सोडून दिल्या आहेत, आणि झडपेच्या अलीकडचा वेगही शून्य धरला आहे. तो वेग एक मीटरच्या आत असेल तर बिघडत नाही. दीडच्या वर गेला तर सोडून चालत नाही. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेसाठी ही पद्धत नॉर्वेत बसवली गेली; ट्रॉन्डहाइमच्या लिव हॅटले आणि बियॉर्न अँगेलसेन यांचं काम त्यातलं पायाभूत. उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेच्या गळतीवरून त्या बाजूचा दाब काढण्याची पद्धत योक आणि पॉप यांनी १९८४ मध्ये स्टॅनफर्डहून मांडली. आज आपण तीच वापरतो.

ट्रायकस्पिड झडप बऱ्याच निरोगी माणसांतही थोडीशी गळते. ही गळती म्हणजे टीआर. हृदय आकुंचन पावताना उजव्या खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात रक्ताची बारीक चिळकांडी उडते. तिचा वेग दोन कप्प्यांतल्या दाबाच्या फरकावर ठरतो. त्या फरकात वरच्या कप्प्यातला दाब मिळवला की खालच्या कप्प्याचा आकुंचनातला दाब मिळतो. पल्मनरी झडप मोकळी असेल तर तोच फुप्फुसाच्या रोहिणीतला वरचा दाब, म्हणजे पीएएसपी.

आकडे हाताशी असावेत म्हणून एक नमुना पेशंट धरू. चाळिशीतल्या बाई, लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, मायट्रल झडप अरुंद झालेली, एक जिना चढला की धाप. आपल्याकडच्या एको रूममध्ये असा पेशंट अजूनही येतोच.

आधी बीपी घेऊन लिहून ठेवायचं. ईसीजीचे तीन इलेक्ट्रोड लावायचे, कारण ठोक्याचा कुठला भाग पाहतोय ते ईसीजीशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्याखाली घ्यायला लावायचा. बरगड्या फाकतात आणि हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं. श्वासाची सूचना देताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘श्वास धरा’ म्हटलं की माणूस आधी छाती भरून श्वास घेतो, फुप्फुस हृदयावर पसरतं आणि चित्र नाहीसं होतं. म्हणून आम्ही ‘मावशी, श्वास सोडा... आता तसंच थांबा’ असं म्हणतो. पाच-सहा ठोके मिळतात, तेवढे पुरतात. फार धाप असलेल्या माणसाला थांबायला लावू नये. त्याच्या संथ श्वासात जे मिळतं तेच घ्यावं.

आता जेट शोधायचा. कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा) लावून झडप एका नव्हे, तीन-चार खिडक्यांतून बघायची: छातीच्या हाडाच्या डावीकडून उजव्या कप्प्याच्या प्रवेशाचं दृश्य, तिथलाच आडवा छेद, हृदयाच्या टोकाकडून चार कप्प्यांचं दृश्य, आणि बरगड्यांखालून. टोकाकडच्या दृश्यात प्रोब थोडा छातीच्या हाडाकडे सरकवला की उजवा कप्पा मधे येतो आणि जेट बहुतेक वेळा सरळ रेषेत मिळतो. कर्सर जेटच्या धारेवर ठेवून कंटिन्युअस वेव्ह, म्हणजे रेषेवरचे सगळे वेग सतत टिपणारी पद्धत, सुरू करायची. पल्स्ड वेव्ह, म्हणजे एकाच जागेचा वेग टिपणारी पद्धत, इथे चालत नाही. एवढ्या वेगाला तिची मर्यादा ओलांडली जाते आणि आकृती गुंडाळून उलट्या बाजूला दिसते.

कोनाचं गणित इथे कळीचं आहे. जेट आणि ध्वनिलहर यांत २० अंशांचा कोन राहिला तर वेग ६ टक्क्यांनी कमी दिसतो, दाब १२ टक्क्यांनी. ३० अंशांना वेग १३ टक्क्यांनी आणि दाब २५ टक्क्यांनी कमी. मशीनमध्ये कोन दुरुस्त करायची सोय असते, हृदयात ती वापरू नये. जेट तिसऱ्या मितीत कुठे वळलाय ते स्क्रीनवरून कळत नाही. कोनामुळे वेग फक्त कमीच दिसू शकतो, जास्त कधीच नाही. म्हणून चार खिडक्यांतून चार आकडे आले तर सरासरी काढायची नाही, स्वच्छ आकृतींतला सगळ्यांत मोठा घ्यायचा. एकाच खिडकीतून बघून प्रोब ठेवून देणं ही आमच्या मते या तपासणीतली सगळ्यांत महागात पडणारी घाई आहे. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडणं) असेल, आणि मायट्रलच्या पेशंटमध्ये ते बरेचदा असतं, तर एकाच खिडकीतल्या किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यायची.

चांगली टीआर आकृती कशी दिसते? बेसलाइनच्या (शून्य वेगाच्या रेषेच्या) खाली, गुळगुळीत काठाची, भरीव, घुमटासारखी आणि पूर्ण. सुरुवातीपासून शेवटापर्यंत काठ तुटलेला नको. स्वीप स्पीड, म्हणजे आकृती स्क्रीनवर सरकण्याचा वेग, सेकंदाला १०० मिमी ठेवायचा, बेसलाइन वर सरकवून आणि स्केल जुळवून आकृतीने स्क्रीनचा मोठा भाग व्यापला पाहिजे. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं बटण, वाढवला की आकृतीच्या टोकाला धूसर केस येतात, दाढीच्या खुंटांसारखे. कर्सर हनुवटीवर ठेवायचा, दाढीच्या टोकावर नाही. ही चूक फार होते. नमुना घ्या: भरीव काठ ३.६ वर संपतो, खुंट ३.९ पर्यंत जातात. ३.६ चे ५२ मिमी होतात, ३.९ चे ६१. वेगातली ०.३ ची चूक, दाबात ९ मिमी. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वरच्या पट्टीत चूक आणखी फुगते. गेन कमी करत नेला की खुंट आधी विरतात, खरा काठ टिकतो. शंका असेल तेव्हा हे करून बघावं. उलट, अर्धीच आकृती मिळाली असेल तर उरलेला घुमट मनाने पुरा करून मोजू नये.

दुसरा सापळा म्हणजे भलताच जेट. कंटिन्युअस वेव्ह रेषेवरचं सगळंच उचलते. टोकाकडच्या दृश्यात मायट्रल झडपेची गळतीही बेसलाइनच्या खालीच दिसते आणि तिचा वेग सहसा ५ मीटरच्या आसपास असतो. ५ चा वर्ग गुणिले ४ म्हणजे १००. पेशंट आरामात बोलतोय, उजवा कप्पा लहान आहे आणि टीआर ५ मीटर, असं दिसलं तर आधी जेट तपासा. एऑर्टिक झडप अरुंद असेल तर तिची आकृतीही फसवते, पण ती अवधीने आखूड असते, कारण झडप उघडल्यावरच सुरू होते. कलरमध्ये कर्सर कुठल्या जेटवर आहे ते पाहून ते चित्र साठवून ठेवावं.

आता वरच्या कप्प्यातला दाब. पेशंटला उताणं झोपवून, गुडघे दुमडून पोट सैल करायला सांगायचं आणि बरगड्यांखालून आयव्हीसी, म्हणजे खालून येणारी मोठी नीला, लांबीत बघायची. हृदयाची तपासणी चालू असताना पोटावर जेली कशाला, असा प्रश्न दर दोन पेशंटमागे एक विचारतोच. व्यास मोजायचा तो यकृताच्या शिरा मिळतात त्याच्या जवळ, वरच्या कप्प्याच्या तोंडापासून ०.५ ते ३ सेंटिमीटरवर, नीलेला काटकोनात. मग ‘फूल हुंगल्यासारखा नाकाने झटकन श्वास ओढा’ असं सांगायचं. व्यास २.१ सेंटिमीटर किंवा कमी आणि हुंगल्यावर निम्म्याहून जास्त मिटली तर दाब ३ धरायचा. २.१ हून मोठी आणि निम्म्याहून कमी मिटली तर १५. मधल्या कुठल्याही जुळणीला ८. आमच्या नमुन्यात २.३ सेंटिमीटर, मिटते ३० टक्के, म्हणून १५. बेरीज ६७.

ही पायरी सगळ्यांत कच्ची आहे. हुंगताना पोटाबरोबर नीला बाजूला सरकते आणि चित्राच्या पातळीतून निसटते. दिसतं असं की ती मिटली. आडव्या छेदातही बघून घेतलं की हा घोटाळा टळतो. खेळाडू तरुणांत नीला दाबाविनाही मोठी असते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला हे नियम लागूच होत नाहीत, कारण तिथे श्वास आत येताना छातीतला दाब वाढतो. आयव्हीसी दिसलीच नाही तर सवयीने ‘१०’ मिळवून मोकळं होण्याऐवजी नुसता टीआरचा वेग लिहावा. दोन रिपोर्टांची तुलना करतानाही वेगच बघावा. बलूनने मायट्रल झडप उघडल्यानंतर पीएएसपी ६७ वरून ५५ वर आला म्हणून आनंद व्हायचा, आणि बघावं तर टीआर ३.६ चा ३.६ च, उतरला तो फक्त आयव्हीसीचा १५ चा ३.

टीआर पुसट असेल तेव्हा सलाइनचे बुडबुडे मदतीला येतात. दहा मिलिलिटरच्या दोन सिरिंज, त्यांना जोडणारा एक थ्री-वे, ९ मिली सलाइन आणि १ मिली हवा. एका सिरिंजमधून दुसरीत जोरात दहा-पंधरा वेळा ढकललं की फेसाळ पाणी तयार होतं. दिसणारी मोकळी हवा काढून टाकून ते लगेच हाताच्या शिरेतून द्यायचं. बुडबुडे लवकर विरतात, म्हणून प्रोब आधीच जागेवर आणि रेकॉर्डिंग चालू हवं. पहिल्या लोंढ्यात आकृती फार चमकते आणि खुंट वाढतात. गेन उतरवून नंतरच्या ठोक्यांवर मोजावं. उजवीकडून डावीकडे रक्त जाणारं मोठं छिद्र माहीत असेल तर हा प्रयोग वरिष्ठांना विचारल्याशिवाय करू नये.

काही वेळा आकृती उत्तम असते आणि तरी उत्तर चुकतं. झडप पूर्ण निकामी होऊन टीआर प्रचंड असेल तेव्हा दोन कप्पे जवळजवळ एक होतात. वरच्या कप्प्याचा दाब आकुंचनात चढतो, दोघांतला फरक घटतो आणि जेट मंद होतो. घुमटाऐवजी त्रिकोण दिसतो, लवकर टोक गाठून झरझर उतरणारा. अशा वेळी २.५ मीटर बघून ‘दाब नॉर्मल’ लिहिणं धोक्याचं. तिथे आकडा न लिहिता कारण लिहावं. तसंच, पल्मनरी झडप अरुंद असेल तर उजव्या कप्प्यातला दाब म्हणजे फुप्फुसातला दाब नव्हे. झडपेवरचा फरक वजा करावा लागतो. आणि उजवा कप्पाच थकला असेल तर तो दाब निर्माण करू शकत नाही. आजार वाढलेला असताना आकडा उतरतो.

व्हीएसडी, म्हणजे दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, असलेल्या मुलांत दुसरा रस्ता आहे. वरचं बीपी वजा ४ गुणिले छिद्रातल्या जेटच्या वेगाचा वर्ग. बीपी १२०, जेट ४.५, म्हणजे १२० वजा ८१, उजव्या कप्प्यात ३९. बीपी त्याच वेळी घेतलेलं हवं. सकाळी ओपीडीत लिहिलेलं चालत नाही.

एका आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून साक्षीदार लागतात. पल्मनरी झडपेच्या जरा अलीकडे पल्स्ड वेव्हचा नमुना ठेवून प्रवाह सुरू झाल्यापासून टोक गाठेपर्यंतचा वेळ मोजायचा. निरोगी माणसात तो १२० मिलिसेकंदांच्या वर असतो. १०५ च्या खाली गेला की संशय घ्यायचा. मधेच खाच दिसली तर फुप्फुसातला विरोध वाढल्याची ती खूण. नमुन्यात ८० मिलिसेकंद. १२० च्या खालच्या वेळांसाठी सरासरी दाबाचं एक सूत्र आहे: ९० वजा ०.६२ गुणिले वेळ. उत्तर ४०. दुसरीकडे पीएएसपीवरून सरासरी काढायचं सूत्र ०.६१ गुणिले पीएएसपी अधिक २, म्हणजे ६७ वरून ४३. दोन वेगळ्या वाटांनी आकडे जवळ आले की जीव जरा भांड्यात पडतो. हृदय १०० च्या वर धावत असेल तर ही वेळ आपोआप आखडते, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. पल्मनरी झडप गळत असेल तर त्या जेटच्या शेवटच्या वेगावरून खालचा दाबही मिळतो, त्याच सूत्राने आणि आयव्हीसीचा आकडा मिळवून.

मग नुसतं बघायचं. उजवा कप्पा डाव्याहून मोठा आहे का, आडव्या छेदात पडदा चपटा होऊन डावा कप्पा इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो का, उजव्या वरच्या कप्प्याचं क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटरच्या वर आहे का. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही टीआरचा वेग आणि या खुणा एकत्र धरूनच पल्मनरी हायपरटेन्शनची शक्यता ठरवतात: २.८ पर्यंत आणि इतर खुणा नाहीत तर कमी, २.९ ते ३.४ ला खुणा नसतील तर मध्यम, ३.४ च्या वर असेल तर जास्त. फुप्फुसात अचानक गुठळी अडकली तर चित्र वेगळं: प्रवाह चढण्याचा वेळ ६० मिलिसेकंदांच्या आत, पण टीआरचा फरक ६० मिमीच्या खाली. सवय नसलेला उजवा कप्पा एका दिवसात त्याहून जास्त दाब निर्माण करू शकत नाही. टीआर ७० दाखवत असेल आणि कप्प्याची भिंत जाड असेल तर आजार जुना आहे.

दाब डावीकडून चढलाय की फुप्फुसातूनच, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी मायट्रल प्रवाहाचा ई वेग (हृदय सैल पडताना सुरुवातीला रक्त आत येण्याचा) आणि टिश्यू डॉप्लरने झडपेच्या कडेचा ई प्राइम (त्याच वेळी स्नायू हलण्याचा वेग) घेतात. दोन्ही कडांची सरासरी धरून गुणोत्तर १४ च्या वर गेलं तर डाव्या वरच्या कप्प्यात दाब जास्त असण्याकडे कल. पण आमच्या नमुन्यातल्या बाईंना हे गुणोत्तर लागू नाही. झडपच अरुंद असल्याने ई वेग तिच्यामुळे वाढतो. कडेला कॅल्शियम साठलेलं, पेसमेकर, कृत्रिम झडप, इथेही तेच. मायट्रल अरुंद असेल तर झडपेवरचा सरासरी फरक मोजायचा आणि शेजारी हृदयगती लिहायची. ७० गतीला ८ आणि ११० गतीला ८ या वेगळ्या गोष्टी आहेत.

इतकं सगळं करूनही डॉप्लर चुकतो. जॉन्स हॉपकिन्समधल्या २००९ च्या अभ्यासात एको आणि कॅथेटर जवळजवळ एकाच वेळी केले, तर सुमारे निम्म्या पेशंटमध्ये दोन आकड्यांत १० मिमीहून जास्त फरक निघाला. त्यामुळे ‘पीएएसपी ६७’ एवढीच ओळ आम्ही लिहीत नाही. बाईंच्या रिपोर्टावर असं जाईल: टीआर ३.६ मीटर प्रति सेकंद, टोकाकडच्या दृश्यातून, काठ पूर्ण, सलाइनशिवाय, एट्रियल फिब्रिलेशन, पाच ठोक्यांची सरासरी, आयव्हीसी २.३ सेंटिमीटर, ३० टक्के मिटते, वरच्या कप्प्याचा दाब १५ धरला; पीएएसपी अंदाजे ६७; प्रवाहाचा चढण्याचा वेळ ८० मिलिसेकंद; पडदा आकुंचनात चपटा; तपासणीच्या वेळी बीपी ११०/७०, हृदयगती ८४.